तोफ तीच, जमीन नवी : अपग्रेडनंतर नेमकं काय तपासायचं?



या व्याख्यानमालेसाठी मला फोन आला तेव्हा संयोजकांची अपेक्षा होती की मी लडाखवर बोलेन, बर्फावर बोलेन, जवानांवर बोलेन. मी म्हटलं, मला सॉफ्टवेअरच्या रिग्रेशन टेस्टिंगवर बोलायचंय. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सर, तुम्ही कर्नल ना?" होय, मी कर्नलच. तोफखान्यातला. बीएस्सी झालो, सैन्यात गेलो, आयुष्य तोफांबरोबर काढलं, निवृत्त झाल्यावर सिकंदराबादला घर केलं. घरी बसवेना, म्हणून एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ऑपरेशन्सचं काम पाहायला लागलो. कोड मला लिहिता येत नाही. पण कोड लिहिणाऱ्या तीस-पस्तीस मुलामुलींचं काम वेळेवर आणि नीट गिऱ्हाइकापर्यंत पोचवायची जबाबदारी माझी होती. त्या खुर्चीत बसून मी एक चूक केली. आज त्या चुकीबद्दल बोलणार आहे, कारण तुमच्यापैकी बरेच जण बंगळुरू, हैदराबाद, नोएडा, पुणे अशा ठिकाणी हेच काम करता, आणि ही चूक अजून रोज होते आहे.

आमचं एक गिऱ्हाईक म्हणजे रुग्णालय. एक मुख्य इमारत आणि शहरभर पसरलेले डझनभर छोटे दवाखाने. रुग्णांची नोंदणी, केस पेपर, औषधं, बिलं, सगळं आमच्या सॉफ्टवेअरवर. त्यांचा सर्व्हर जुना झाला होता, ऑपरेटिंग सिस्टीमला सुरक्षेचे अपडेट मिळणं बंद होणार होतं. ठरलं की नवा सर्व्हर घ्यायचा, नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक ओळही बदलायची नव्हती. डेटाबेसची आवृत्तीसुद्धा तीच ठेवायची होती.

आमच्या टेस्टिंगच्या प्रमुख मुलीने विचारलं, "सर, काय काय तपासायचं?" मी फौजी माणूस. म्हटलं, सगळं. एकूण एक टेस्ट केस. दीड हजारांच्या आसपास होत्या, त्यातल्या निम्म्या हाताने करायच्या. सहा आठवडे लागले. मुलं रविवारी आली, रात्री थांबली. शेवटी माझ्या टेबलावर अहवाल आला, सगळ्या चाचण्या उत्तीर्ण. मी सही केली आणि शनिवारी रात्री नवा सर्व्हर चालू केला.

मंगळवारी सकाळी रुग्णालयातून फोन आला. एक वयस्क बाई, तिथे सगळे त्यांना अम्मा म्हणत, पायाची जखम घेऊन आल्या होत्या. हातात जुनं कार्ड होतं. खिडकीवरच्या मुलाने कार्डाचा नंबर टाकला, संगणक म्हणाला, नोंद सापडली नाही. त्याने पुन्हा टाकला. पुन्हा तेच. मागे रांग वाढत होती. त्याला वाटलं, यांची नोंद जुन्या वह्यांमधून आत यायची राहिली असेल. त्याने त्याच नंबरने नवीन नोंद केली. संगणकाने ती मुकाट घेतली. एकच नंबर दोनदा चालत नाही असा आमचा नियम होता, पण संगणकाने हू की चू केलं नाही.

अम्मांच्या जुन्या नोंदीत लाल अक्षरात लिहिलेलं होतं की त्यांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. नवीन नोंद अर्थातच कोरी. डॉक्टरांनी कोरी नोंद पाहून इंजेक्शन लिहिलं. ते देणाऱ्या सिस्टरनी, संगणकावर काही नसतानाही, सवयीने विचारलं, "अम्मा, कुठल्या औषधाचा त्रास होतो का तुम्हाला?" अम्मांनी सांगितलं. इंजेक्शन थांबलं. पुढे काही झालं नाही. पण काही झालं नाही ते त्या सिस्टरांमुळे. माझ्या दीड हजार चाचण्यांचा त्यात काही वाटा नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही शोधून काढलं की तीन दिवसांत अशी सदतीस माणसं दोनदा नोंदवली गेली होती.

आता झालं काय होतं, ते साध्या शब्दांत सांगतो.

डेटाबेसमध्ये लाखो नोंदी असतात. त्यातली एक पटकन सापडावी म्हणून तो एक क्रमवार सूची ठेवतो, तिला इंडेक्स म्हणतात. शब्दकोशासारखं समजा. 'म' शोधायचा तर तुम्ही पहिल्या पानापासून वाचत नाही, मध्येच उघडता, पुढे की मागे ते ठरवता. हे जमतं कारण शब्द लावायचा क्रम तुम्हालाही माहीत आहे आणि छापणाऱ्यालाही. दोघांचा क्रम वेगळा असला तर? शब्द कोशात असेल, पण तुम्ही चुकीच्या पानावर शोधाल आणि म्हणाल, नाहीच.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस होता. मजकुराचा क्रम कसा लावायचा हे आमच्या मांडणीत तो स्वतः ठरवत नव्हता, ऑपरेटिंग सिस्टीमला विचारत होता. लिनक्समध्ये हे काम ग्लिबसी नावाची लायब्ररी करते. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लिबसीची २.२८ ही आवृत्ती आली आणि तिने क्रमाचे नियम जगभरच्या मानकाशी जुळवून घेतले. त्यात हायफनची वागणूक बदलली. आमचे कार्ड नंबर कसे होते? आधी दवाखान्याचा क्रमांक, मग हायफन, मग रुग्णाचा क्रमांक. म्हणजे १-२९०० किंवा १२-३५. जुन्या नियमात तुलना करताना हायफन आधी बाजूला ठेवला जायचा. मग ते होतात १२९०० आणि १२३५, आणि अक्षराक्षराने लावलं तर १२-३५ आधी येतो. नव्या नियमात हायफन मोजला जातो, तो आकड्यांच्या आधी येतो, म्हणून १-२९०० आधी येतो. आम्ही डेटाबेसच्या फायली जशाच्या तशा उचलून नव्या सर्व्हरवर ठेवल्या होत्या. सूची जुन्या क्रमाने लावलेली, शोधणारा नव्या क्रमाने शोधतोय. काही नोंदी सापडतात, काही सापडत नाहीत. आणि एकच नंबर दोनदा आहे का, हेही त्याच सूचीत पाहिलं जातं, म्हणून तोही पहारा उठला.

यात ग्लिबसीची चूक नाही, पोस्टग्रेसचीही नाही. बदल जाहीर होता, त्याबद्दल सावधगिरीच्या सूचनाही लिहिलेल्या होत्या. आमच्यापैकी कुणी वाचल्या नव्हत्या. उपायसुद्धा एका ओळीचा होता, फायली हलवल्यावर सगळ्या सूची नव्याने बांधायच्या. आम्ही तो उशिरा केला, आणि त्याआधी त्या सदतीस माणसांच्या दुहेरी नोंदी एकेक करून हाताने जुळवाव्या लागल्या.

मग दीड हजार चाचण्यांमध्ये हे कसं दिसलं नाही? कारण चाचणीसाठी आम्ही नव्या सर्व्हरवर कोरा डेटाबेस तयार केला होता आणि त्यात नमुन्याच्या नोंदी भरल्या होत्या. तिथे सूची नव्या क्रमाने लागलेली, शोधणाराही नव्या क्रमाचा. सगळं चोख. आम्ही सहा आठवडे एक अशी गोष्ट तपासत होतो जी बदललीच नव्हती, म्हणजे आमचा कोड. जी बदलली होती तिच्याकडे एकही चाचणी वळली नव्हती.

मला त्या रात्री झोप लागली नाही. लाज याची वाटली की हे मला कळायला हवं होतं. पंचविशीतल्या मुलांना नाही कळलं तर ठीक आहे. मी गनर आहे.

बघा, बॅटरी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते. समजा पंजाबच्या सपाटीवरून लडाखच्या उंचीवर. तोफा त्याच, दारूगोळा तोच, जवान तेच. पोचल्यावर आम्ही काय करतो? जवानांना गोळा कसा भरायचा ते पुन्हा शिकवतो का? नाही. ते ड्रिल जमिनीवर अवलंबून नाही. आम्ही तपासतो ते जमिनीवर आणि हवेवर अवलंबून असलेलं. आपण नकाशावर नेमके कुठे आहोत, तोफेची दिशा खरी लागली आहे का, समोरच्या कड्यावरून गोळा पार होईल का, हवेचा दाब किती, तापमान किती, वारा कुठला. उंचावर हवा विरळ, गोळ्याला अडथळा कमी, तो लांब जातो. सपाटीचे आकडे तसेच वापरले तर गोळा लक्ष्याच्या पलीकडे पडेल, आणि पलीकडे कोण आहे ते कुणाला माहीत? मग एका माहीत असलेल्या ठिकाणावर मोजके गोळे टाकून पाहतो, हिशेब आणि प्रत्यक्ष यांत किती फरक पडतो ते मोजतो, आणि ती दुरुस्ती बाकीच्या लक्ष्यांना लावतो. याला आम्ही रजिस्ट्रेशन म्हणतो. मोजके गोळे, नेमक्या जागी. सगळा दारूगोळा उडवून खात्री करत बसलो तर लढायला काय उरणार?

हे सगळं मला पाठ होतं. तरी सॉफ्टवेअरच्या ऑफिसात मी ते विसरलो आणि 'सगळं तपासा' असा हुकूम दिला. 'सगळं तपासा' हा हुकूम द्यायला सोपा असतो, कारण तो देणाऱ्याला विचार करावा लागत नाही. मेहनत दुसऱ्याची आणि सही आपली.

आता तुमच्यातले अभ्यासू लोक म्हणतील, कर्नलसाहेब, चाचण्या कमी कशा करायच्या यावर संशोधन झालेलं आहे. झालंय. ग्रेग रोथरमेल आणि मेरी जीन हॅरॉल्ड या दोघांनी १९९७ सालीच निवडक चाचण्यांची एक सुरक्षित पद्धत मांडली होती. तिचा गाभा असा की जुना आणि नवा कोड शेजारी ठेवा, कुठे बदल झाला ते पाहा, आणि त्या बदलातून जाणाऱ्या चाचण्याच पुन्हा करा. फार चांगली कल्पना, आजही उपयोगी. पण आपल्या प्रसंगात अडचण बघा. कोडमध्ये बदल शून्य. मग ही पद्धत सांगणार, चाचण्या शून्य. आणि घाबरलेला मॅनेजर सांगणार, चाचण्या सगळ्या. दोन्ही उत्तरं निरुपयोगी, कारण दोघंही कोडकडे पाहतायत आणि बदल झालाय कोडच्या खालच्या जमिनीत.

म्हणून प्रश्न बदलायचा. 'माझ्या सॉफ्टवेअरमध्ये काय बदललं?' हे विचारण्याऐवजी विचारायचं, 'माझं सॉफ्टवेअर जमिनीला कुठे कुठे टेकतं, आणि त्यातली कुठली जमीन हलली?'

खालची जमीन हलली आणि वरचा न बदललेला कोड कोसळला, याची तीन जुनी उदाहरणं सांगतो. तिन्ही प्रसिद्ध आहेत.

पहिलं, टर्बो पास्कल. नव्वदच्या दशकात कितीतरी लोकांनी त्यात प्रोग्रॅम लिहिले. त्यात ठरावीक वेळ थांबण्याची सोय होती. ती सुरू होताना संगणकाचा वेग मोजायची. घड्याळाच्या एका टिकेत, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामी फेरी किती वेळा फिरते ते मोजायचं आणि त्याला ५५ ने भागायचं. उत्तर १६ बिटांत मावेल हे गृहीत. नवे पेंटियम २०० मेगाहर्ट्झच्या आसपास पोचले आणि उत्तर मावेना. प्रोग्रॅम सुरू होताच बंद, 'एरर २००'. प्रोग्रॅम तोच, संगणक आधीपेक्षा चांगला, आणि चांगला होता म्हणूनच बंद पडला.

दुसरं उदाहरण दुःखद आहे. थेरॅक-२५ नावाचं कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना प्रचंड प्रमाणात जास्त किरण दिले, त्यातले किमान तिघं दगावले. सॉफ्टवेअरचा काही भाग आधीच्या थेरॅक-२० मधून घेतलेला होता. पुढे कळलं की त्यातली एक चूक जुन्या यंत्रातही होती. पण जुन्या यंत्रात सॉफ्टवेअरपासून स्वतंत्र असे यांत्रिक आणि विजेचे अडसर होते, त्यामुळे माणसाला इजा होण्याआधी यंत्र थांबायचं. नव्या यंत्रात ते अडसर काढले आणि सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला. म्हणजे जुनं हार्डवेअर गुपचूप पहारा देत होतं आणि ते कुणाच्या लक्षातच नव्हतं.

तिसरं, एरियन-५ रॉकेट. ४ जून १९९६. पहिलंच उड्डाण, सुमारे ४० सेकंदांत स्फोट. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतलं सॉफ्टवेअर एरियन-४ मधून आणलेलं, तिथे वर्षानुवर्षं नीट चाललेलं. पण एरियन-५ उडतं त्या मार्गावर आडवा वेग लवकर वाढतो. ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांत बसवताना मावला नाही. गंमत म्हणजे तो हिशेब एरियन-५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हता. आणि एरियन-५ च्या खऱ्या मार्गाचे आकडे देऊन त्या यंत्रणेची चाचणी झालीच नव्हती.

तिन्हीकडे चाचण्यांची संख्या हा प्रश्न नव्हता. नवी जमीन घेऊन केलेली एक नेमकी चाचणी पुरली असती.

आता कामाचं बोलू. त्या घटनेनंतर मी आमच्या मुलांना एका खोलीत बसवलं आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिला, आपण जमिनीला कुठे टेकतो? दोन दिवस लागले. यादी झाली ती सांगतो, तुमची वेगळी असेल.

एक, वेळ. घड्याळ, टाइम झोन, किती वेळ थांबायचं याचे अंदाज. नवा प्रोसेसर जलद असतो, कोर जास्त असतात. दोन कामं योगायोगाने एकामागे एक होत होती ती आता एकदम होतात, आणि लपलेली भांडणं बाहेर येतात. ज्या प्रणाली वेळ अजून ३२ बिटांत मोजतात त्यांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला भरणार आहे, हेही यातच.

दोन, मजकूर. क्रम, अक्षरांची साठवण, फाँट. आपल्या भाषांच्या बाबतीत तर जास्तच, कारण जोडाक्षरं पडद्यावर आणि कागदावर उमटवण्याचं काम बहुतेक वेळा ऑपरेटिंग सिस्टीमच्या लायब्रऱ्या करतात.

तीन, आकडे. जुन्या ३२ बिटांच्या इंटेल प्रोग्रॅममध्ये दशांशाची आकडेमोड बऱ्याचदा ८० बिटांच्या नोंदकांत व्हायची, ६४ बिटांच्या प्रोग्रॅममध्ये ती साधारणपणे ६४ बिटांत होते. शेवटच्या घरात फरक पडू शकतो. पैशाचा हिशेब दशांशात ठेवत असाल तर तपासा. पूर्णांकात पैसे मोजत असाल तर निर्धास्त राहा.

चार, फायली. मोठं अक्षर-लहान अक्षर एकच की वेगळं, परवानग्या, आणि फोल्डरमधल्या फायली कुठल्या क्रमाने मिळतात. तो क्रम कायम राहील असं कुणी वचन दिलेलं नसतं, पण कुठेतरी एखादा प्रोग्रॅम त्यावर विसंबलेला असतोच.

पाच, उपकरणं. प्रिंटर, बारकोड, तपासणीची यंत्रं, त्यांचे ड्रायव्हर.

सहा, सुरक्षेचे दरवाजे. नव्या ऑपरेटिंग सिस्टीम जुन्या पद्धतीची कूटबद्ध जोडणी बहुधा नाकारतात. बरोबरच आहे त्यांचं. पण तुमच्याकडचं जुनं यंत्र तीच एक भाषा बोलत असेल तर बाहेर उभं राहील.

यादी झाल्यावर प्रत्येक चाचणीपुढे लिहिलं, ही कुठल्या टेकूवरून जाते. दीड हजारांपैकी बहुतेक चाचण्या कुठूनच जात नव्हत्या. पाच औषधांची बेरीज, सवलतीचा नियम, डॉक्टरांच्या वेळापत्रकाची अट. हा सगळा आमचा स्वतःचा विचार. त्याची पूर्ण चाचणी कोड बदलल्यावर करायची, जमीन बदलल्यावर नाही. जमिनीला टेकणाऱ्या दोनशेच्या आतच निघाल्या. आणि गंमत बघा, काही टेकूंवर एकही चाचणी नव्हती. त्या नव्याने लिहिल्या.

दुसरं, ठरवलं की अपग्रेडच्या आधी त्या आवृत्तीच्या रिलीज नोट्स दोन माणसांनी बसून वाचायच्या. एकाने वाचायचं, दुसऱ्याने यादी हातात धरायची आणि प्रत्येक बदलाला विचारायचं, हा आपल्या कुठल्या टेकूखाली येतो? फौजेत आम्ही नकाशा असाच वाचायचो.

तिसरं, खरा माल. चाचणी कोऱ्या डेटाबेसवर करायची नाही. खऱ्या डेटाची प्रत घ्यायची, रुग्णांची नावं झाकायची, आणि ती प्रत प्रत्यक्ष हलवताना जशी हलवणार तशीच हलवायची. एक धोक्याची सूचना मात्र देतो. नावं झाकण्याचं काम जुन्या सर्व्हरवरच उरकून घ्या. नव्यावर झाकलीत तर नवे बदल नव्या क्रमाने सूचीत बसतील आणि पुन्हा खोटी खात्री मिळेल.

चौथं, जुनं आणि नवं शेजारी. एका दिवसाचं खरं काम दोन्ही सर्व्हरवर चालवायचं आणि निघालेली बिलं, याद्या, लेबलं यंत्राने ताडून पाहायची. हे आमचं रजिस्ट्रेशन. जिथे फरक दिसेल तिथेच माणसाने डोकं घालायचं. माणसाचं डोकं महाग असतं, ते 'सगळं तसंच आहे' हे पाहण्यात घालवू नका.

पाचवं, एका वेळी एकच जमीन हलवायची. हार्डवेअर, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, सगळं एका शनिवारी बदलायचा मोह होतो, कारण रुग्णालय एकदाच बंद ठेवायला मिळतं. पण बिघडलं तर कुणामुळे हे कळत नाही.

काही जण विचारतात, आता कंटेनर आहेत, मग ही कटकट कशाला? कंटेनरचा उपयोग आहेच. आमच्या प्रसंगात डेटाबेस कंटेनरमध्ये असता तर ग्लिबसी त्याच्याबरोबरच प्रवास करत आली असती आणि खालची ऑपरेटिंग सिस्टीम बदलूनही क्रम बदलला नसता. पण कर्नल खालच्या यंत्राचाच राहतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, माझ्यासारखा नव्हे. आणि ज्या दिवशी तुम्ही कंटेनरची मूळ प्रतिमा बदलाल त्या दिवशी हाच प्रश्न पुन्हा दारात उभा राहील. जमीन खांद्यावर घेऊन फिरता येते, पण तीही कधीतरी बदलावी लागते.

दोन वर्षांनी त्याच रुग्णालयाचा पुढचा अपग्रेड आला. या वेळी तपासायला अकरा दिवस लागले. कुणी रविवारी आलं नाही. दोन दोष सापडले, दोन्ही यादीतल्या टेकूंवर. एक, औषधाच्या पुडीवरच्या तेलुगू लेबलची शेवटची ओळ कापली जात होती, आणि त्याच ओळीत दिवसातून किती वेळा घ्यायचं ते लिहिलेलं असतं. दुसरा, प्रयोगशाळेतलं एक जुनं यंत्र नव्या सर्व्हरशी बोलू शकत नव्हतं, सुरक्षेच्या दरवाजापाशी अडकलं होतं. आधीच्या पद्धतीने दोन्ही सुटले असते, कारण लेबलची चाचणी छापण्याआधीच संपायची, आणि यंत्राच्या जागी आम्ही एक नकली प्रोग्रॅम बसवायचो.

आता एक इशारा. मी आज जे सांगितलं ते ऐकून कुणी उद्या ऑफिसात जाऊन म्हणू नका की कर्नलने सांगितलंय, चाचण्या कमी करा. यादी न करता चाचण्या कमी करणं म्हणजे नकाशा न पाहता गोळा टाकणं. जिथे नियामकाने पूर्ण चाचणी बंधनकारक केली आहे तिथे ती करायचीच. जावा किंवा तत्सम मधला थर बदलत असेल, तर तुमच्या कोडचा फार मोठा भाग त्याला टेकलेला असतो. तिथे यादी लांबेल, लांबू द्या. आणि काहीही राहून जाऊ शकतं हे धरून चाला. जुना सर्व्हर लगेच विकू नका, परत जायची वाट मोकळी ठेवा, आधी एकाच दवाखान्यात चालू करा, आणि पहिले काही दिवस 'नोंद सापडली नाही' असे संदेश रोज किती येतात ते मोजा. आम्ही ते मोजलं असतं तर रविवारीच कळलं असतं. मंगळवार उजाडला नसता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. देशभरात कितीतरी बँका, शाळा, दवाखाने, तालुक्याची कार्यालयं संगणक बदलतायत, बदलणार आहेत. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी तरुण मुलगा किंवा मुलगी वरिष्ठाला विचारणार, काय काय तपासायचं? तुम्ही त्या वरिष्ठाच्या जागी असाल, तर 'सगळं' म्हणू नका. त्यांच्याबरोबर बसा आणि यादी करा. आणि तुम्ही ती विचारणारी मुलगी असाल, तर 'सगळं' या उत्तरावर गप्प बसू नका. आमच्या टेस्टिंग प्रमुखाने मला नंतर सांगितलं, "सर, मला तेव्हाच वाटलं होतं की खऱ्या डेटावर एकदा बघावं. पण तुम्ही सगळं म्हणालात, मग त्यात वेळच उरला नाही." हे वाक्य मी विसरलेलो नाही.

त्या सिस्टरना मी नंतर जाऊन भेटलो. आभार मानले. त्यांना कळेना, हे गृहस्थ कशाबद्दल बोलतायत. म्हणाल्या, "सर, तो प्रश्न तर आम्ही प्रत्येकालाच विचारतो." नोंद असो वा नसो, सुई टोचण्याआधी तो एक प्रश्न त्या विचारतातच. दिवसभरात शंभर गोष्टी त्यांना तपासता येणार नाहीत, पण कुठली एक सोडायची नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. आमच्या यादीत सगळ्यात वर आता एक ओळ आहे, जुन्या कार्डाच्या नंबराने शोधा, ॲलर्जी दिसते का पाहा. प्रत्येक अपग्रेडनंतर ती चाचणी पहिली होते, आणि अजून कुणी ती यंत्रावर सोपवलेली नाही. एक माणूस खिडकीवर बसून हाताने करतो.